तिगावचा पाऊस आणि दूरचा समुद्र

(२०२४ च्या गणेशोत्सवात तिगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला बोलायला बोलावले तेव्हा विषय विचारला. आम्ही ‘समुद्राचे तापमान’ असे सांगितल्यावर सचिव थोडे हसले. तिगावात समुद्र कुठला? त्यांचे हसणे बरोबरच होते. आपल्या गावातून सरळ रेष काढली तर जवळचा समुद्र सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. गावातल्या कितीतरी माणसांनी तो अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरीही हाच विषय घ्यावासा वाटला, त्याचे कारण सांगतो.

आम्ही काही शास्त्रज्ञ नाही. डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलो आणि गेली वीस वर्षे हातपंप, नळयोजना आणि विहिरींच्या कामात आहोत. दरवर्षी मे महिन्यात कुठल्या ना कुठल्या गावात एखादे बाबा हातपंपाशी आम्हाला गाठतात. मागच्या वर्षी एकांनी विचारले, “सायेब, टीव्हीवाला म्हन्ते यंदा एल निनो हाय. मंग आमी पेरावं का नोको?”

प्रश्न साधा आहे, पण त्यावर बियाण्याचे, खताचे आणि कर्जाचे पैसे लागलेले असतात. आपल्याकडे त्यात संत्र्याचा बहारही आला. म्हणून आज तीन गोष्टी सांगायच्या आहेत. हे एल निनो म्हणजे नेमके काय, ते इतक्या दुरून तिगावच्या पावसापर्यंत पोचते कसे, आणि तो शब्द कानावर आला की आपण काय करायचे.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. समुद्र आपल्याला दिसत नसला तरी आपले पाणी त्याच्याकडे रोज जाते. तिगाव सोडले की रेल्वे घाट चढू लागते आणि वर मुलताईला पोचते. त्या परिसरात तापीचाही उगम आहे आणि वर्धेचाही. तिथला एका बाजूचा पाऊस तापीतून थेट अरबी समुद्रात जातो. दुसऱ्या बाजूचा वर्धेतून, पुढे प्राणहिता-गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातो. आपल्या जामचे पाणीही शेवटी गोदावरीच्याच खोऱ्यातले. आणि हे पाणी परत येते तेसुद्धा याच दोन समुद्रांवरून, ढगांच्या रूपाने. म्हणजे आपण दोन समुद्रांच्या मधोमध बसलेली माणसे आहोत. त्या समुद्रांना तरी स्वतःची मर्जी आहे का? ती बऱ्याच अंशी तिसऱ्याच एका समुद्रावर अवलंबून असते, तो म्हणजे प्रशांत महासागर.

आता माता-भगिनींना चांगली ठाऊक असलेली गोष्ट सांगतो. तापवलेल्या दुधाच्या पातेल्यावर एका बाजूने फुंकर मारा. साय सरकून पलीकडच्या काठाला गोळा होते आणि अलीकडे खालचे दूध उघडे पडते. फुंकर चालू आहे तोवर साय तिकडेच राहते. फुंकर थांबली की ती हळूहळू परत पसरते.

प्रशांत महासागरात हेच घडते. पातेले मात्र पृथ्वीच्या एक-तृतीयांश भागाएवढे आहे. विषुववृत्तालगत तिथे बारा महिने पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात. जुन्या काळी शिडाची जहाजे त्यांच्या भरवशावर चालत, म्हणून त्यांना व्यापारी वारे म्हणतात. हे वारे वरचे उन्हाने तापलेले पाणी ढकलत ढकलत इंडोनेशियाच्या बाजूला नेतात. तिथे पाणी सुमारे २९ अंशांपर्यंत गरम असते, आणि पलीकडच्या काठापेक्षा समुद्राची पातळीही अर्धा मीटर उंच असते. दुसऱ्या काठाला, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाजवळ, वरचे पाणी सरकल्यामुळे खोलातले थंड पाणी वर येते. त्या थंड पाण्याबरोबर खाद्य वर येते आणि त्यावर मासळी पोसते. जगातली मोठी मासेमारी तिथे चालते ती त्यामुळेच.

काही वर्षांनी ही फुंकर ढिली पडते. साय जशी परत पसरते तसे गरम पाणी पूर्वेकडे पसरू लागते. थंड पाणी वर येणे मंदावते आणि मासळी गायब होते. पेरूच्या कोळ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत होते. पाणी गरम होण्याचा हा प्रकार नाताळाच्या सुमारास ठळक होई, म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले, एल निनो. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ ‘छोटा मुलगा’. उलट एखाद्या वर्षी फुंकर नेहमीपेक्षा जोरात असते, गरम पाणी आणखी पश्चिमेला रेटले जाते आणि पूर्वेचा समुद्र जास्तच थंड होतो. तिला ला निना म्हणतात, म्हणजे ‘छोटी मुलगी’.

हे किती अंशांचे काम आहे हे ऐकले तर आश्चर्य वाटते. मध्य प्रशांतातल्या एका ठरावीक पट्ट्याचे तापमान सरासरीपेक्षा अर्धा अंश वर गेले आणि महिनोन्‌महिने तसेच राहिले, की एल निनो धरतात. १९९७ आणि २०१५ सारख्या मोठ्या एल निनोत ते दोन अंशांच्याही वर गेले होते. आपल्याकडे सकाळ-दुपारच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक पडतो आणि आपण त्याची दखलही घेत नाही. पण हजारो किलोमीटर पसरलेल्या समुद्राचा एक अंश म्हणजे न मोजता येण्याएवढी उष्णता असते.

आता दुसरी गोष्ट. तो पट्टा तिगावपासून पंधरा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. मग तिथल्या पाण्याने आपला पाऊस का रुसावा?

जिथे पाणी जास्त गरम, तिथे चूल पेटली असे समजा. चुलीवरची हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. वर गेलेली हवा कुठेतरी दूर जाऊन खाली उतरते. आणि जिथे हवा खाली उतरते तिथे ढगाला वाढू देत नाही. एरवी ही चूल इंडोनेशियाजवळ पेटलेली असते. आपला मान्सून तिच्या शेजारचा, त्यामुळे दोघांचे बरे जमते. एल निनोच्या वर्षी चूल उचलून मध्य प्रशांतात नेली जाते. मग उतरणारी हवा इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि आपल्या बाजूला येते, आणि मान्सूनचा जोर कमी होतो.

हे कोडे सुटायला शंभर वर्षे लागली आणि त्याची सुरुवात आपल्याच देशातल्या दुष्काळाने झाली. १८७६ ते १८७८ मध्ये दक्षिणेत आणि मुंबई इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. भारतीय हवामान खाते नुकतेच, १८७५ मध्ये सुरू झाले होते. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. पुढच्या वर्षीचा पाऊस आधी सांगता येईल का, असा प्रश्न सरकारने त्यांच्यापुढे टाकला. त्यांनी हिमालयावरच्या बर्फावरून अंदाज बांधायला सुरुवात केली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले आणि आपला मध्यप्रांत त्यात होरपळून निघाला. इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. ज्या लोकमान्य टिळकांनी गणपती घरातून चौकात आणला, त्यांनीच १८९६ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांना खेड्यापाड्यांत पाठवून, दुष्काळात सरकारकडून काय मागण्याचा तुमचा हक्क आहे, हे शेतकऱ्यांना समजावून सांगितले होते. त्यामुळे गणपतीच्या मांडवात पावसापाण्यावर बोलणे काही वेगळे नाही.

त्यानंतर १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाची आकडेमोड मांडली. प्रशांत महासागरात दाब वाढला की हिंदी महासागराकडे कमी होतो आणि तिकडे कमी झाला की इकडे वाढतो, हा झोका त्यांना सापडला. पण झोका कोण देतो ते कळले नाही. हवेचा हा झोका आणि पेरूचे गरम पाणी ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत, हे याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये दाखवून दिले.

मागे वळून पाहिले तर मोठे दुष्काळ ओळीने दिसतात. १८७७, १८९९, १९१८, १९७२, १९८७, २००२, २००९. ही सगळी एल निनोची वर्षे. १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. नातेवाइकांकडून खडी फोडण्याच्या कामांच्या आणि सुकडीच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. त्याच वर्षी तिकडे पेरूच्या समुद्रातली मासळी बसली. त्या मासळीची भुकटी जगभर कोंबड्यांना आणि जनावरांना घालत. ती मिळेना तेव्हा जगात सोयाबीनची मागणी आणि भाव एकदम चढले. म्हणजे समुद्र गरम झाला एकीकडे, आणि त्याच्या झळा शेताला, कोंबडीला आणि बाजाराला अशा सगळीकडे लागल्या.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग सोपे आहे. एल निनो म्हणजे दुष्काळ. टीव्हीवर नाव आले की पेरायचे नाही.

इथेच आमच्या घराने मार खाल्ला आहे.

१९९७ साली त्या शतकातला अतिशय मोठा एल निनो आला होता. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्या वडिलांनी बातम्या ऐकल्या, पेपर वाचला आणि घाबरून कपाशीचा पेरा निम्म्यावर आणला. उरलेली जमीन पडीक ठेवली. त्या वर्षी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. शेजाऱ्यांच्या वावरात कपाशी उभी राहिली आणि आमच्या वावरात गवत. वडील कोणाला काही बोलले नाहीत. पण त्यानंतर बातम्यांत हवामान सुरू झाले की ते रेडिओ बंद करीत.

पाच वर्षांनी, २००२ मध्ये, उलटे झाले. हवामान खात्याचा अंदाज १०१ टक्के पावसाचा होता. वडिलांनी सगळे रान पेरले. जुलै महिन्यात देशभर सरासरीच्या निम्माच पाऊस पडला. पेरलेले करपले, दुबार पेरणी केली आणि तिचे बियाणे उधारीवर आणले. शेवटी त्या वर्षीचा देशाचा पाऊस ८१ टक्क्यांवर थांबला. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १६ घटकांवरून अंदाज देण्याची पद्धत सुरू झाली होती आणि तिने कितीतरी वर्षे चांगले काम केले. २००२ नंतर ती बदलावी लागली. शास्त्रज्ञांनी चूक झाकली नाही, पद्धत बदलली. आपणही त्यांच्याकडून एवढे शिकावे.

१९९७ मध्ये एल निनो असूनही पाऊस का पडला, याचे उत्तर पुढे मिळाले. आपल्या हिंदी महासागरातही असेच एक पातेले आहे. त्याचा एक काठ आफ्रिकेजवळ आणि दुसरा इंडोनेशियातल्या सुमात्राजवळ. कधी आफ्रिकेकडचा काठ गरम आणि सुमात्राकडचा थंड होतो, कधी याच्या उलट. १९९९ मध्ये भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांनी हे जगापुढे मांडले. त्याला हिंदी महासागराचा द्विध्रुव म्हणतात. आफ्रिकेकडचा काठ गरम असला की आपल्या मान्सूनला बहुधा मदत होते. १९९७ मध्ये ही मदत भरपूर होती. प्रशांताने जे ओढून नेले ते हिंदी महासागराने भरून दिले. २०१९ मध्येही द्विध्रुव फार जोरात होता. त्या वर्षी जूनमध्ये पाऊस रडवत होता आणि हंगाम संपला तेव्हा देशाचा आकडा ११० टक्के होता.

त्यामुळे एल निनोच्या वर्षांपैकी निम्म्याहून अधिक वेळा पाऊस कमी पडतो, पण प्रत्येक वेळी नाही. यंदाचेच बघा. ला निना येईल असे धरून एप्रिलमध्ये १०६ टक्क्यांचा अंदाज दिला गेला. ला निना अजून आलेली नाही, तरी देशाचा पाऊस आजवर सरासरीच्या वरच आहे. आम्हाला जे समजले ते असे. समुद्र आपल्याला वर्षाचा कल सांगतो. तो तारीख सांगत नाही आणि तिगावचे नाव तर मुळीच घेत नाही.

मागचे वर्ष याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. २०२३ च्या जूनमध्ये एल निनो आल्याचे जाहीर झाले. मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, आमची संत्र्याची बाग बघतो. तो मे महिन्यातच विचारीत होता, “झाडांना ताण दिला हाय. मृग बहार धरू का पाणी सोडू?” इथे बहुतेकांना माहीत आहे, पण पोरांसाठी सांगतो. उन्हाळ्यात झाडाचे पाणी तोडून ताण द्यायचा, पावसाच्या पाण्यावर ताण तुटला की झाड फुलते, तो मृग बहार. जानेवारीत विहिरीचे पाणी देऊन फुलवतात तो आंबिया. घरात शिकलेले आणि नोकरीवाले आम्हीच. आम्ही ऐटीत सांगितले, “एल निनो आहे, मृग धरू नको.” दादाने ऐकले आणि मे महिन्यातच ताण तोडला.

जुलैत देशाचा पाऊस सरासरीपेक्षा तेरा टक्के जास्त झाला. शेजारच्या बागा फुलांनी पांढऱ्या झाल्या. संध्याकाळी वास घरात यायचा. दादा ओट्यावर बसून असायचा आणि आमच्याशी कामापुरते बोलायचा. आम्हाला १९९७ मधले वडील दिसू लागले.

मग ऑगस्ट आला. गेल्या वर्षी अधिक महिना होता, श्रावण दोन होते. पण दोन श्रावण असून ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासून नोंदी आहेत, त्यात देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ चा. छत्तीस टक्के तूट. शेजाऱ्यांच्या बागांत लहान लहान फळे गळून आळ्यात पडू लागली. पण सगळ्यांची नाही. ज्यांच्या विहिरीला पाणी होते आणि ज्यांनी ठिबक चालू केले त्यांचा बहार टिकला. ज्यांनी सगळी बाग पावसाच्या भरवशावर ताणली होती त्यांचा गेला.

आता आमचा सल्ला बरोबर की चूक? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. सल्ला अर्धवट होता. आमच्या विहिरीला त्या मे महिन्यातही बऱ्यापैकी पाणी होते. निम्म्या झाडांपुरते नक्की होते. निम्मी बाग धरता आली असती. आम्ही टीव्हीवरचा शब्द ऐकला आणि विहिरीत डोकावलो नाही. वीस वर्षे दुसऱ्यांच्या विहिरी मोजणाऱ्या माणसाने घरच्या विहिरीत दोर सोडला नाही. ही चूक आमची, समुद्राची नाही आणि हवामान खात्याचीही नाही. मागच्या दिवाळीत दादापुढे हे कबूल केले. तो हसला आणि म्हणाला, “आता मे मधी ये, दोघं मिळून मोजू.”

त्या वर्षाचा शेवट अजून राहिला. सप्टेंबरमध्ये पाऊस परतला तो असा, की बावीस तारखेला महालक्ष्म्यांचे जेवण आटोपून नागपूरची माणसे झोपली आणि पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी घरांत शिरले. चार तासांत शंभर मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या लेकीबाळी, भाऊबंद नागपुरात आहेत. त्या सकाळी फोन लागत नव्हते. एल निनोचे वर्ष, सर्वांत कोरडा ऑगस्ट आणि गणपतीत पूर. देशाचा हिशेब शेवटी ९४ टक्क्यांवर बंद झाला. नुसता तो आकडा पाहिला तर वाटेल की वर्ष बरेच बरे गेले.

असे का होते? कारण समुद्र आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. प्रशांतातले गरम-थंड येते आणि जाते. हिंदी महासागर मात्र दर दहा वर्षांनी थोडा थोडा गरमच होत चालला आहे. गरम समुद्रावरच्या हवेत वाफ जास्त मावते. वारे ती वाफ घेऊन जमिनीवर येतात तेव्हा एकदम ओततात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. मध्य भारतात, म्हणजे आपल्याच पट्ट्यात, मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढली. तिची वाफ बरीचशी अरबी समुद्रातून येते. वर्षाचा एकूण पाऊस तितका वाढला नाही. म्हणजे तोच पाऊस कमी दिवसांत पडतो आणि मधली उघाड लांबते.

समुद्रकाठी तर हे रोजच्या जगण्यात दिसते. अरबी समुद्रात पूर्वी वादळे कमी असत. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. मालवणजवळचे प्रवाळ २०१५-१६ च्या एल निनोत गरम पाण्याने पांढरे पडले. कोकणातल्या कोळ्याची मासळी आणि आपली संत्री ही एकाच समुद्राची भावंडे आहेत, एवढे ध्यानात ठेवू.

आता तिसरी गोष्ट, आपण काय करायचे. आम्ही सरकारी नोकर असलो तरी ही कुठल्या योजनेची जाहिरात नाही. स्वतःच्या चुकांवरून सांगतो.

पहिले, अंदाज दोनदा ऐका. एप्रिलच्या मध्यावर पहिला येतो, मे अखेरीस सुधारलेला येतो. एल निनो हा एकच शब्द ऐकून उठू नका, हिंदी महासागराचे काय म्हटले आहे तेही ऐका. आणखी एक अडचण आपलीच आहे. नागपूरचा पेपर विदर्भाचा पाऊस सांगतो. भोपाळची बातमी पूर्व मध्यप्रदेशाचा सांगते. आपण दोन्हींच्या शिवेवर आहोत. दोन्ही बघा आणि मधला विचार करा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीसाठी हवामानाचा सल्ला निघतो. तो ‘मेघदूत’ ॲपवर मोबाइलवर मिळतो. घरातल्या पोरांना ते काम द्या. मोबाइल हातात असतोच.

दुसरे, विहीर मोजा. दोराला दगड बांधला तरी चालते. पोळा, दिवाळी, होळी आणि अक्षय्य तृतीया, या चार सणांना पाणी किती हातांवर आहे ते विहिरीच्या काठावर खडूने नाही, वहीत लिहा. तीन-चार वर्षांची वही झाली की तुमची विहीर काय पेलते ते तुम्हाला कोणत्याही शास्त्रज्ञापेक्षा चांगले कळेल. बहार किती झाडांवर धरायचा ते या वहीवरून ठरवा. एल निनोचे वर्ष असेल तर पाणी पुरेल तेवढ्याच झाडांचा मृग धरा. बाग सगळी धरायची किंवा सगळी सोडायची, असा जुगार नको.

तिसरे, पेरणीची घाई नको. मृगाच्या पहिल्या सरीने ढेकळे भिजतात, पण ओल खाली जात नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये, असे कृषी विद्यापीठे सांगतात. आमच्या वडिलांच्या काळी मिलिमीटर नव्हते, ते कुदळ मारून वीतभर ओल बघत. मोजायचे एकच, रीत दोन. आणि कपाशीत तुरीच्या ओळी ठेवा. एक हुकले तर दुसरे हाती लागते.

चौथे काम एकट्याचे नाही, गावाचे आहे. पाऊस कमी दिवसांत पडणार असेल तर तो पडतो तेव्हाच अडवायला हवा. कोजागिरीच्या आसपास नाल्यात पाणी वाहत असते तेव्हाच मातीने भरलेल्या पोत्यांचा बंधारा घातला तर खालच्या विहिरींना महिना-दीड महिना जास्त पाणी राहते. आम्ही हे काम कितीतरी गावांत पाहिले आहे. खर्च पोत्यांचा आणि एका दिवसाच्या मेहनतीचा. मंडळाला एक विनंती आहे. गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत यंदा रिकामी पोती घ्यावीत आणि विसर्जनाला जेवढी पोरे नाचतील तेवढी सगळी कोजागिरीच्या आधीच्या रविवारी नाल्यावर यावीत. फावडी आम्ही आणू.

मंडळी, आमचे वडील आता नाहीत. त्यांना १९९७ मध्ये कोणी असे सांगितले असते की अंदाज म्हणजे कौल नव्हे, तो फक्त कल आहे, तर त्यांनी पेरा निम्म्यावर आणला नसता आणि २००२ मध्ये सगळे रानही पेरले नसते. दोन्ही वेळा थोडे इकडे, थोडे तिकडे ठेवले असते. त्यांना सांगायला उशीर झाला, म्हणून तुम्हाला सांगितले.

थोड्या दिवसांनी आपण बाप्पाला निरोप देऊ. त्या पाण्याचा थेंबन्‌थेंब कधी ना कधी समुद्राला मिळेल. तिथे काय चालले आहे याची चौकशी अधूनमधून करत राहू, आणि त्याच्याकडून परत येणारे पाणी झेलायला आपला नाला, आपली विहीर तयार ठेवू.

 

गणपती बाप्पा मोरया!